कमानीची मागची बाजू

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलेल्या नव्या पाहुण्याची एक गंमत आम्ही मालवणकर लहानपणापासून बघत आलो आहोत. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जाते, तट उंच उंच होत जातो, पाहुणा डोळे बारीक करून इकडे तिकडे बघतो आणि शेवटी न राहवून विचारतो, "अहो, पण दरवाजा कुठंय?" होडीवाला काही बोलत नाही. त्याला हा प्रश्न रोजचा आहे. होडी अगदी तटाशी लागेपर्यंत समोर नुसता दगड दिसतो. मग दोन बुरूज एकमेकांना वळसा घालून उभे आहेत असं लक्षात येतं आणि त्या वळशाच्या आत, जणू कुणी पदराआड दिवा झाकावा तसा, दरवाजा सापडतो. शत्रूच्या जहाजावरच्या तोफेला तो सरळ रेषेत मिळू नये म्हणून ही रचना. गोमुखी म्हणतात तिला. आत वळलं की मारुती, आणि वर तटावर छोट्या घुमट्यांखाली चुन्यात उमटलेला हाताचा नि पायाचा ठसा. तो शिवाजी महाराजांचा, अशी आमची सगळ्यांची श्रद्धा. माझ्या आईचीही होती. ती किल्ल्यावर गेली की त्या घुमटीपुढे पदर डोक्यावर घ्यायची.

हे आधी सांगितलं, कारण दरवाजा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर तो येतो. स्वतःला लपवणारा. त्याच्यावर नाव नाही, पुतळा नाही, बांधणाऱ्याची बढाई नाही. त्यामुळे गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपुढे उभा राहिलो तेव्हा मी जरा गोंधळलोच. एखादा दरवाजा निव्वळ दिसण्यासाठी बांधलेला असू शकतो, हे माझ्या कोकणी डोक्यात चटकन शिरेना.

तिथं गेलो तो काही सहलीला नाही. सिंधुदुर्गातला माणूस गोव्याला जातो तो बहुतेक वेळा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. आमच्या घराघरात बांबोळी हा शब्द गावाचं नाव म्हणून कुणी वापरत नाही. 'त्याका बांबोळेक नेलो' म्हटलं की दुखणं मोठं आहे एवढं समजायचं. २०२५च्या नोव्हेंबरात माझ्या थोरल्या बहिणीला तिथं दाखल केलं होतं. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. तपासण्या चाललेल्या, वॉर्डात एकाच नातेवाइकाला थांबता येई, आणि तिथं तिची सून होती. मी आणि भाचा बाहेर चहा पिऊन पिऊन कंटाळलो. भाचा पंचविशीतला, मोटारसायकल आणि मोबाइल यांच्यापलीकडे फारसं न बोलणारा. तोच म्हणाला, "मामू, हंय बसान काय करतलंव? जुन्या गोव्यात जावन येवया." मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, एवढी माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली असावी.

जुनं गोवं बांबोळीहून जवळच आहे. बहुतेक लोक बॉम जेझूशच्या चर्चमध्ये जातात, समोरचं सी कॅथेड्रल बघतात आणि परततात. पण कॅथेड्रलवरून खाली नदीकडे एक रस्ता उतरतो. दोन्ही बाजूंना झाडं, माणसांची वर्दळ कमी. त्या उतरणीवर एक कमान रस्त्याला पाय फाकून उभी आहे. तिच्या पलीकडे मांडवी आणि दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. हीच व्हाइसरॉयची कमान. पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की तो इथं जहाजातून उतरे, कमानीखाली त्याला शहराच्या किल्ल्या देत आणि मग मिरवणूक शहरात शिरे. लिस्बनहून निघाल्यावर आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिने समुद्र कापून आलेल्या माणसाला गोव्याचं पहिलं दर्शन व्हायचं ते या दरवाजाचं. तेव्हा तो दिसायला हवाच.

ही कमान बांधली फ्रान्सिस्को द गामा यानं. हा वास्को द गामाचा पणतू. १५९७ ते १६०० अशी तीन वर्षं तो गोव्यात व्हाइसरॉय होता. पणजोबा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला त्याला शंभर वर्षं झाली म्हणून हे स्मारक. जांभ्या दगडाचं बांधकाम, नदीकडच्या दर्शनी भागाला हिरवट छटेचा घडीव दगड, वर कोनाड्यात वास्कोचा पुतळा, आणि हरणाचं चिन्ह. पोर्तुगीज भाषेत 'गामा' म्हणजे हरणी, म्हणून घराण्याच्या चिन्हात हरीण. पुतळ्यातला वास्को भारदस्त दिसतो. १५०२ साली मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळणारा वास्को तो हाच, हे मला ठाऊक होतं. पण पुतळ्याकडे बघून असलं काही कळत नाही. पुतळे त्यासाठी नसतातच.

या पुतळ्याची एक कथा आहे. पणतू फ्रान्सिस्को स्वभावानं गर्विष्ठ, गोव्यातल्या पोर्तुगीजांनाच नकोसा झालेला. १६०० साली त्याची मुदत संपली, तो परतीच्या तयारीत, आणि इकडे संतापलेल्या लोकांनी कमानीवरचा वास्को खाली ओढला नि त्याचे तुकडे केले. राग पणतूवर, फुटला पणजोबा. पुढं पोर्तुगालच्या दरबारातून हुकूम आला आणि पुतळा पुन्हा बसवला गेला. गंमत म्हणजे तोच फ्रान्सिस्को १६२२ साली दुसऱ्यांदा व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला. आपल्या पणजोबांना परत जाग्यावर पाहून त्याला काय वाटलं असेल, देव जाणे. पुतळे पडतात, पाडले जातात आणि पुन्हा उभे राहतात, हे आम्हा मालवणकरांना वेगळं सांगायला नको. २०२४च्या ऑगस्टात राजकोटला जे झालं त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. ही कमान पोर्तुगालच्या वैभवाचं निशाण म्हणून बांधली गेली तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर पोर्तुगीज राजा नव्हता. १५८० ते १६४० ही साठ वर्षं तो देश स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता. म्हणजे दुसऱ्यांना जिंकल्याची कमान बांधणारे त्या वेळी स्वतः दुसऱ्याच्या अमलाखाली होते. पुढं ते सुटले, आणि कमानीच्या आतल्या बाजूला त्या सुटकेचा शिलालेख बसवला गेला. स्वातंत्र्याचं मोल त्यांना कळत होतं, ते असं दगडात लिहून ठेवलेलं आहे. फक्त ते कमानीच्या एका बाजूच्या माणसांपुरतं होतं.

आपण आज जी कमान बघतो ती तर अगदी अलीकडची. जुनी ढासळली होती, ती १९५४ साली पुन्हा उभारली. १९५४! त्याच वर्षी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ला, आमच्या बांद्याजवळ पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. माझे वडील तेव्हा शाळकरी होते. सत्याग्रहींचे जथे बांद्याच्या रस्त्यानं गेले त्याच्या गोष्टी ते म्हातारपणीही सांगत. बांधकामाला चुना-दगड नवा वापरला आणि सात वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ला, सत्ताच संपली. साडेतीनशे वर्षांच्या कमानीला राज्य शेवटी फक्त सात वर्षं लाभलं, असं म्हणायला हरकत नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. मी भाच्याला सांगत होतो, तो हूं हूं करत होता. मग आम्ही कमानीखालून पलीकडे जाऊन आलो आणि शहराच्या बाजूनं वर पाहिलं.

त्या बाजूलाही एक कोनाडा आहे. त्यात एक बाई उभी, पेहराव युरोपियन, हातात तलवार, आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलेला. आमच्या शेजारी पर्यटकांचा एक घोळका होता. त्यांचा वाटाड्या हिंदीत सांगत होता, की खाली पडलाय तो इथला मुसलमान राजा आणि वरची बाई म्हणजे पोर्तुगालचा विजय. कुणीतरी हसलं. कुणीतरी फोटो काढला. आम्हाला उद्देशून कुणी काही म्हणालं नाही, आमच्याकडे कुणी पाहिलंही नाही. पण भाच्यानं हळूच विचारलं, "मामू, तो खाली पडलो आसा तो खराच आपलो?"

'आपलो' हा शब्द त्यानं सहज वापरला. मला मात्र उत्तर सुचायला वेळ लागला. वास्तविक मी कविता लिहिणारा माणूस, शब्द हा माझा धंदा. पण कुठल्या 'आपल्या'बद्दल तो विचारतोय? मालवणच्या? मराठीच्या? की जुम्म्याच्या नमाजाच्या? मी म्हटलं, "थांब, सांगतो," आणि उतरणीवरच्या कठड्यावर बसलो. तिथं बसून जे त्याला सांगितलं, तेच थोडं नीटनेटकं करून आता तुम्हाला सांगतो.

ती बाई म्हणजे अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. ख्रिस्ती परंपरेत ती विदुषी. रोमन सम्राटानं तिला पंडितांशी वाद घालायला लावलं, ती जिंकली, तेव्हा त्यानं तिला ठार केलं. म्हणून युरोपातल्या चित्रांत नि मूर्तींत पुष्कळदा ती तलवार घेऊन उभी असते आणि तिच्या पायाखाली तो सम्राट पडलेला असतो. छळणाऱ्यावर छळलेलीचा विजय, असा त्याचा मूळ अर्थ. ती मूर्ती समुद्र ओलांडून गोव्यात आली आणि अर्थ बदलला. २५ नोव्हेंबर १५१० या दिवशी अल्बुकर्कनं गोवं जिंकलं, तो दिवस संत कॅथरीनचा. तेव्हापासून ती या शहराची रक्षणकर्ती. मग तिच्या पायाखालचा रोमन सम्राट बघणाऱ्यांच्या डोळ्यांत कधी आदिलशहा झाला, कधी नुसता 'नेटिव्ह' झाला. मूर्ती तीच, पडलेला माणूस मात्र बदलता. जो हरला तो.

पण गोव्यात त्या दिवशी खरं काय घडलं? अरबी घोड्यांच्या व्यापारावर हे बंदर फुगलं होतं आणि विजापूरच्या आदिलशाहीचं होतं. होनावरचा तिमय्या हा दर्यावर्दी सरदार अल्बुकर्ककडे गेला आणि त्यानंच त्याला गोव्यावर चाल करायला सुचवलं. आदिलशाही अमलाला इथले हिंदू वैतागले होते, हे खोटं नाही आणि ते लपवायचं मला काही कारण नाही. १५१०च्या सुरुवातीला अल्बुकर्कनं शहर घेतलं, काही महिन्यांतच आदिलशाही फौजेनं त्याला हुसकलं, आणि नोव्हेंबरात तो पुन्हा आला. शहर पडल्यावर पुढं कत्तल चालली. अल्बुकर्कनं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून कळवलं, की सुमारे सहा हजार मुसलमान, बाया आणि पुरुष, मारले. पत्राचा सूर पश्चात्तापाचा नाही, हिशेब देण्याचा आहे. वाचलेल्या कितीतरी बायकांना बाप्तिस्मा देऊन त्यांची आपल्या शिपायांशी लग्नं लावून दिली. गोव्यातल्या पोर्तुगीज घराण्यांच्या काही मूळ आजीबाई त्या होत्या.

आणि आदिलशहा? तो त्या दिवशी गोव्यात नव्हताच. राजा कुणाच्या पायाखाली पडला नाही. पडले ते गावातले लोक. खलाशी, घोड्यांचे दलाल, कापडवाले, त्यांच्या घरातल्या बायका, आणि घोड्याला चारा घालणारे नोकर. त्यांचा पुतळा कुठल्याच कोनाड्यात नाही. भाच्याला मी म्हटलं, "तो पडलेलो राजा आपलो न्हय. पण ती सहा हजार माणसां कोणाचीतरी होतीच ना?" तो काही बोलला नाही. मोबाइल खिशात ठेवला, एवढं मी पाहिलं.

तिथून आम्ही चालत संत कॅथरीनच्या लहानशा चॅपेलकडे गेलो. हे पर्यटकांच्या वाटेवर फारसं येत नाही. त्याच्या भिंतीत एक शिलालेख आहे. १५५० साली गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं बसवला. त्याचा आशय असा, की या जागी तो दरवाजा होता, ज्यातून अल्बुकर्क शहरात शिरला आणि त्यानं मुसलमानांकडून ते घेतलं. दरवाजा आता नाही. दरवाजा होता असं सांगणारा दगड आहे. मला सगळ्या जुन्या गोव्यात त्या दगडानं सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. व्हाइसरॉय ज्या कमानीतून आले ती ढासळली तर पुन्हा बांधली. ज्यातून लोक मारले गेले तो दरवाजा एका ओळीपुरता उरला.

तिसरा दरवाजा संत कायतानच्या चर्चच्या आवारात आहे. मोठं घुमटाचं चर्च, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेलं. त्याच्या अंगणात हिरवळीवर काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. चौथरा, पायऱ्या चढाव्यात इतका उंच, दोन कोरीव खांब, वर आडवा दगड, बाजूला दगडी जाळीचे उरलेसुरले तुकडे. बस्स. मागं भिंत नाही, पुढं वाडा नाही. पायऱ्या चढून आत गेलं की आपण पुन्हा बाहेरच असतो. हा आदिलशहाच्या राजवाड्याचा दरवाजा. जिंकल्यावर पोर्तुगीजांनी राजवाडा पाडला नाही, वापरला. १५५४पासून १६९५पर्यंत त्यांचे गव्हर्नर नि व्हाइसरॉय इथंच राहत. म्हणजे कमानीतून वाजतगाजत आलेला प्रत्येक व्हाइसरॉय झोपायला आदिलशहाच्याच घरी जात होता! साथीच्या रोगांनी शहर ओस पडू लागलं, व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि पुढं १७५९ साली पणजीला गेले, आणि १८२०च्या सुमारास राजवाडा पाडून दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले. पणजीला मांडवीच्या काठावर जो जुना सचिवालयाचा वाडा आहे, तोही मुळात आदिलशाहीच. पोर्तुगीज जिभेवर 'आदिलखान'चा 'इदालकांव' झाला आणि वाड्याला तेच नाव राहिलं. गोव्याची विधानसभा २०००पर्यंत तिथं भरत असे.

दरवाजाजवळ एक वयस्क राखणदार बसला होता. आम्हाला चौकट निरखताना बघून उठून आला. कुठून आलात, मालवणहून, म्हणजे आमच्या शेजारचे, असं झालं. मग नाव विचारलं. नाव ऐकून तो एकदम आपुलकीनं म्हणाला, "म्हणजे हा दरवाजा तुमचाच की हो, साहेब!"

त्याचा हेतू चांगला होता. मनापासून बोलला बिचारा. मी हसलो. पण त्या चौकटीकडे पुन्हा बघताना वाटलं, माझा कसा? या खांबांवरची नक्षी पाहिली तर आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या गाभाऱ्याची चौकट आठवते. कुणी कोरली असेल? विजापूरहून आलेल्या कुणी नव्हे, इथल्याच पाथरवटानं. तो कुठल्या देवाला हात जोडत असेल, हे त्याच्या छिन्नीला विचारता येत नाही. फरिश्ता हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो, की यूसुफ आदिलशहाची बेगम एका मराठा सरदाराच्या घरातली होती, आणि पुढं इब्राहिम आदिलशहानं दफ्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणलं. शहाजीराजे याच दरबारचे सरदार. आणि मालवणचा किनारा शिवाजी महाराजांनी घेतला तोही आदिलशाहीकडूनच. मग आमच्या घराण्यातले कोणी तेव्हा असतीलच, तर ते कुठल्या बाजूला होते? महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, १६७९ला खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी लढला. त्याच्या हाताखाली होड्या वल्हवणाऱ्यांत कोण कोण होतं, ती यादी कुणी ठेवली नाही. ठेवली असती तर माझं बरंच काम सोपं झालं असतं. साहित्य संमेलनात 'तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?' हा प्रश्न मला आजवर इतक्या वेळा विचारला गेलाय, की उत्तरादाखल ती यादीच पुढं केली असती.

खरं तर या परिसरात मला कुणी घरचं वाटत असेल तर तो एक इंग्रज पाद्री. फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्यानं मराठी ओवीत क्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं. जन्मानं परका, धर्मानं परका, पण ओवी पक्की. त्याला कुणी 'तुम्ही मराठीत कसे काय' असं विचारल्याची नोंद नाही. त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानं लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. तीन वर्षांची मुदत दिली होती. बोली अजून आहे.

हा आल्व्होर आणि ती कमान यांचं आणखी एक नातं आहे. १६८३च्या नोव्हेंबरअखेर संभाजी महाराजांची फौज जुन्या गोव्यासमोरच्या जुवे बेटावर उतरली. ओहोटीच्या वेळी, रात्रीची. मध्ये नदीचं एवढंसं पाणी. आल्व्होर स्वतः लढायला गेला आणि कसाबसा जीव घेऊन परत आला. मग शहरात इतकी घबराट झाली, की त्यानं संत झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपली राजदंडाची काठी त्या मृत संताच्या हाती दिली. आता राज्य तूच सांभाळ, असं. पुढं मोगल शाहजादा शाहआलम फौजेसह कोकणात उतरल्यामुळे संभाजी महाराजांना माघारी वळावं लागलं आणि गोवं वाचलं. एक मोगल फौज आली म्हणून पोर्तुगीज तरले! असल्या इतिहासात 'आपला' नि 'परका' यांच्या दोन रांगा लावायला बसलं, की एकाच माणसाला दोन्ही रांगांत उभं करावं लागतं.

संध्याकाळ व्हायला आली होती. आम्ही पुन्हा कमानीखालून धक्क्यावर गेलो आणि फेरीबोटीनं दिवाडीला जाऊन आलो. दिवाडीवर एके काळी सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. कदंबांचं दैवत. आधी बहामनी फौजेनं ते पाडलं, विजयनगरच्या काळात पुन्हा बांधलं गेलं, मग पोर्तुगीजांनी पाडलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्यानं बांधवलं. बहामनींचं नाव मी मुद्दाम घेतलं. भाच्याला फक्त कॅथरीनच्या पायाखालचा माणूस दाखवून घरी नेला असता, तर तोही अर्धाच इतिहास झाला असता.

परतताना बोटीतून कमानीची नदीकडची बाजू पूर्ण दिसते. वास्को उभा, खालून मोटारसायकली, शाळेची पोरं, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीवाल्या. ज्या दरवाजातून शिरायला व्हाइसरॉयला तोफांची सलामी लागे, त्यातून आता पायी जाणाऱ्याला तिकीटही लागत नाही. भाचा बराच वेळ बघत होता. मग एकदम म्हणाला, "मामू, आपल्या किल्ल्याचो दरवाजो बराच. तेच्यार कोणाचो फोटोच काढूक येना नाय."

मला त्याच्या बोलण्यावरून एक तारीख आठवली. सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती २५ नोव्हेंबर १६६४. संत कॅथरीनच्या दिवसाचीच तारीख. निव्वळ योगायोग, महाराजांनी मुहूर्त काढला तो मार्गशीर्षातला, पोर्तुगीजांचं पंचांग बघून नव्हे. पण गोव्यातल्या त्या लोकांच्या परवान्यावाचून आपल्या समुद्रात आपल्याला गलबत हाकता येत नव्हतं, आणि त्यावरचा उतारा म्हणून कुरटे बेटावर पायात शिसं ओतून तट उभा राहिला. १५१०च्या त्या दिवसाला कोकणच्या किनाऱ्यानं दिलेलं उत्तर दीडशे वर्षांनी, त्याच तारखेला आलं. कवीला एवढा योगायोग माफ असावा. जुन्या गोव्याची चर्चेस १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आमचा सिंधुदुर्ग २०२५च्या जुलैत गेला. आता दोघं एकाच यादीत शेजारी आहेत.

बांबोळीला पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. बहीण जागी होती. उद्याच्या शस्त्रक्रियेची भीती तिच्या चेहऱ्यावर होती, पण ती दाखवणाऱ्यातली नाही. तिनं विचारलं, "खंय होतलंव दोघां?" भाचा म्हणाला, "दरवाजे बघूक गेल्लंव, अम्मा. तीन दरवाजे बघले." तिनं त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "लोकांचे दरवाजे बघीत फिरतास, आनि आपल्या घराचो दरवाजो नीट लावन इल्लंस मां?"

खरं सांगायचं तर मला आठवेना. वॉर्डाबाहेर येऊन शेजाऱ्यांना फोन लावला. मागचा दरवाजा उघडाच राहिला होता. त्यांनी दुपारीच ओढून घेतला होता.